बबड्याचा जबडा

३ फेब्रु., सोम.
सकाळपासून तोंडंच तपासतेय. एक लॅब्राडोर, दोन मांजरं. "बेशुद्ध न करता दात साफ करून द्या ना," हे आज परत. लोकांना वाटतं कुत्रा आ करून बसेल. समजावून समजावून घसा बसला.
शेवटी बदलापूर गावातून म्हात्रेकाकू, बबड्याला घेऊन. अकरा वर्षांचा पॉमेरेनियन. खाणं बंद. ओठ उचलला तर दात दिसेचनात, नुसतं किटण, मुळाशी पू. काकू म्हणाल्या, "आमाला वाटला म्हातारा झाला म्हणून वास मारते तोंड." सगळ्यांना तसंच वाटतं. दात काढावे लागतील म्हटलं. भुलीचा धोका नीट सांगितला, रक्त तपासायला घेतलं. बुधवारी करू.

५ फेब्रु., बुध.
रक्त ठीक होतं. भूल छान चढली. वरचे हलणारे सगळे निघाले. मग खालची डावी मोठी दाढ. हत्यार लावलं, जोर फारसा नव्हताच. बारीक कट् आवाज. हाताला आधी कळलं. दाढ नाही, जबडा.
पुवाने हाड आतून पोखरलं होतं. एक्स-रेत दिसलं असतं. दातांचा एक्स-रे माझ्याकडे नाही. मुंबईला पाठवायला हवं होतं. एवढ्या लांब काकू जाणार नाहीत, हे मीच परस्पर ठरवून टाकलं.
उजवी बाजू तशीच सोडली. टाके घातले, जाग आणली.
रूपाली इतकी वर्षं टेबलापलीकडे उभी राहून मदत करते, आज पहिल्यांदा तिने मला सल्ला दिला. "मॅडम, आधीच तुटलेला होता म्हणा ना. कोण बघतंय?" ओरडले नाही तिला. मलाही तेच सुचलं होतं. तिच्या आधी.
काकूंना सांगितलं, दात काढताना माझ्या हातून जबडा मोडला. त्यांनी बबड्याला पदराखाली घेतलं. "तू भुलीचा बोललीस. जबड्याचा नाय बोललीस."
नव्हतेच बोलले.

६ फेब्रु., गुरु.
काकूंचा मुलगा नीलेश आला. बाहेर पेशंट बसलेले. "दात काढायला दिला होता, जबडा तोडायला नाही! डॉक्टर आहात की कोण?" मोबाइलवर शूटिंग चालू. तुमचं बरोबर आहे, म्हटलं. तर आणखीच भडकला. "बरोबर आहे म्हणजे काय?" खरंच, म्हणजे काय. एक बाई मांजराची बास्केट उचलून निघून गेल्या.
उल्हासनगरच्या सरांना फोटो पाठवले. हाडांचं काम तेच करतात. म्हणाले, "जबडा वायरने बांधायचा तर ती धरणार कशात? हाड आहे कुठे? चिकटपट्टीचं मुसकं बांध, जीभ बाहेर येईल एवढी फट ठेव. आणि वाट बघ." थोड्या वेळाने, "माझ्याही हातून मोडलाय एकदा." एवढंच बोलून फोन ठेवला.

८ फेब्रु., शनि.
क्लिनिकच्या आधी गावात जाऊन आले. काकूंचा हात कापतो, सिरिंजने भरवणं जमत नाही. पेज आणि चिकनचं पाणी, गाळून मीच भरवलं. मला बघून बबड्या कॉटखाली. बरोबर आहे त्याचं. काकूंनीच बाहेर ओढला. नीलेश दारात उभा.

१२ फेब्रु., बुध.
पट्टीखाली कातडी सोललीय. रोज बदलतेय तरी.
अमोल म्हणाला, "अजून किती दिवस जाणार आहेस? कुठला डॉक्टर जातो असा?" नवऱ्याचं ताट घेतलं. भाजी गरम केली.
आज एका मांजराची साधी दाढ काढायची होती. दाढेपर्यंत हात गेला आणि थांबला. मुंबईचा पत्ता दिला. रूपाली म्हणाली, "मॅडम, हे तर आपण झोपेत करतो." हो. करायचो.

१९ फेब्रु., बुध.
बबड्या आता कॉटखाली जात नाही. पडून राहतो, डोळे वटारून. वजन जरा वाढलंय.
काकूंनी चहा ठेवला. कप हातात देताना, "राग हाय गो माझा. चहा देते म्हणून गेला असा समजू नको."
नाही समजत, म्हटलं. चहा गोड होता फार. संपवला.
घरी येऊन पलंगावर तशीच पडले, चपला पायात.

९ मार्च, रवि.
मुसकं काढलं. काल सरांकडे हाडांचा एक्स-रे झाला. हाड जुळलेलं नाही. मध्ये चिवट पडदा धरलाय, त्यावर काहींचं भागतं, सर म्हणतात. जबडा डावीकडे झुकलाय, जीभ लोंबते. पण आज ताटलीतला कालवलेला मासे-भात त्याचा त्याने चाटला. अर्धा सांडला. काकू हसल्या. मी पण.
आणि मग उजवीकडे हात लावला तर तिथे सूज. त्या बाजूच्या दाढेलाही पू. तसंच हाड असणार. नाही काढली तर एक दिवस आपोआप मोडेल.
मुंबईला न्या, म्हटलं. मी सोबत येते. नीलेश लगेच, "मुंबईलाच न्यायचा. इथे नाही."
काकू म्हणाल्या, "तिथं त्याला कोन वळखते? रात्रभर रडल तो." मग माझ्याकडे बघून, "या वेळी काय काय मोडल ते सगळा आधी सांग. मग बघू कोनाकडं."
सगळं सांगितलं. हाड, रक्त, भूल, जाग न येणं. न काढल्यास काय, तेही. इथे एक्स-रे नाही, तिथे आहे, हे दोनदा. मध्येच नीलेश खाली बसून ऐकायला लागला. शेवटी त्यानेच विचारलं, "तुम्ही केलं तर हात कापणार नाही ना?"
माहीत नाही, म्हटलं.
काकूंनी बबड्याची लाळ पदराने पुसली. विचार करून फोन करते म्हणाल्या.