जुनी पिकअप फुलाला, नवी रोहनला

मी, महाबळेश्वर सदाशिव मणेरीकर, वय वर्षे छप्पन्न, धंदा भिक्षुकी व मालवाहतूक (दोन्ही एकाच वाहनाने), राहणार जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, माझ्या मागे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे. नशापाणी केलेले नाही. एकादशी असल्याने आज चहासुद्धा एकच घेतला. कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे, पण तो आपणहून आलेला आहे, कारण येत्या शुक्रवारी बेळगावात माझी छाती उघडणार आहेत.

हृदयाकडे जाणाऱ्या तीन वाटा तुंबल्या आहेत असे डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवले. शुक्रवारी दुपारपासून अमावास्या लागते, हे मी त्यांच्या कानावर घातले. ते म्हणाले, ‘त्या दिवशी टेबल रिकामं आहे.’ का रिकामे आहे, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही.

कलम १. राहते घर, मागची सुपारीची बाग, बँकेत असेल ते आणि देवघरातली चांदी, असे सर्व माझी पत्नी सौ. सावित्री हिला मिळावे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे यात वाद संभवत नाही. वाद घालायचाच झाला तर ती एकटी पुरेशी आहे. हे लिहीत असताना ती मागे उभी राहून म्हणाली, “अहो, मरायला चाललात की बरे व्हायला? आधी ते ठरवा, मग लिहा.” मी अजून ठरवू शकलेलो नाही.

कलम २. न्यायशास्त्राच्या पोथ्या ज्या पाठशाळेत मी बारा वर्षे घोकंपट्टी केली तिला परत द्याव्यात. त्यांतला काही भाग मला कधीच कळला नाही, हे त्यांना सांगण्याची गरज नाही. त्यांना ते तेव्हाच माहीत होते.

कलम ३. माझा धाकटा भाऊ दत्तप्रसाद, व्यापारी, रामनगर. मी पहिली पिकअप घेतली तेव्हा भर बाजारात याने मला ‘पिकअपशास्त्री’ म्हटले, आणि वेदमूर्तीने फणसाच्या गोण्या वाहू नयेत असा निर्णय देऊन दोन वर्षे माझ्याशी अबोला धरला. त्यास मी जुन्या गाडीचा मागे घेताना वाजणारा भोंगा देतो. त्याला आयुष्यात मागे येण्याची सवय नाही. निदान आवाज तरी घरात असावा.

आता वाहने. मृत्युपत्र खरे म्हणजे यांच्यासाठीच आहे.

दोन्ही पिकअप एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या. नवी ही जुनीचीच पुढची पिढी, असे विकणाऱ्याने सांगितले. मला ते पटलेले नाही. पुढच्या पिढीत मागच्या पिढीचे काहीतरी उतरावे लागते, निदान नाक तरी.

जुनी सन दोन हजार नऊची. स्टिअरिंग फिरवायला खांद्यात बैल लागतो. केबिनचा टप म्हणजे नुसता पत्रा. मागच्या खिडकीची काच पहिल्याच वर्षी फुटली, ती मी बसवली नाही, जाळी मारली. शास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात. हिच्या धुरावरून मी चढण, ओझे आणि डिझेलात कोणी काय मिसळले आहे तेही ओळखतो.

नवी गेल्या पाडव्याची. एका बोटाने वळते. थंड हवा आहे, गाणी आहेत, टपाला आतून गादी आहे. पट्टा लावला नाही तर ओरडते, दार नीट लागले नाही तर ओरडते, डिझेल उतरले तर आधी दिवा लावते आणि मग ओरडते. मागे खिडकी नाही, कॅमेरा आहे, पण गाडी मागे घेताना तेवढाच त्याचा डोळा उघडतो. धूर नाही, त्यामुळे आत अग्नी आहे की नाही हे शास्त्राधाराने सांगता येत नाही. मी ती हौसेने घेतली. कंबर दुखत होती.

आता मुद्दा. कुंभारवाड्याकडच्या वाड्यांना बस क्वचित, म्हणून माणसे पिकअपच्या हौद्यात बसतात. कायद्याने ती बसू नयेत, तेव्हा सब-रजिस्ट्रारसाहेबांनी या वाक्यात माणसांच्या जागी केळी वाचावीत. हौद्यातल्या माणसांची आणि ड्रायव्हरची एक ठरलेली बोली आहे. टपावर एकदा हात मारला की थांब. दोनदा मारला की चल. आणि मारणे थांबेचना, म्हणजे कोणाचा तरी जीव चाललाय. जिथे असशील तिथून गाडी वळव आणि जोयड्याचा सरकारी दवाखाना गाठ. या तालुक्यातली कितीतरी पोरे या हाताच्या आवाजावर वेळेत जन्मली आहेत.

आषाढात कुंभारवाड्याच्या लाडू वेळीपची बायको येसू हिला तापात सलाईन लावून आम्ही नव्या गाडीने घरी सोडायला निघालो होतो. गाडी पुतण्या रोहन चालवत होता. येसूला त्याच्याशेजारी केबिनमध्ये बसवले, आणि मी व लाडू हौद्यात, ताडपत्रीखाली, बाजारात न खपलेल्या फणसांच्या संगतीत. रान लागल्यावर माझ्या छातीवर कोणीतरी बसले. डावा हात माझा राहिला नाही. मी उजव्याने टपावर मारले. एकदा. मग मारतच राहिलो.

गाडी चालूच. पाऊस, थंड हवेचे यंत्र, गाणे, गादी. लाडूने दोन्ही मुठींनी पत्रा बडवला आणि ओरडला, “वळीव रं रोहना! भट चाल्लं!” गाडी उतारावर जास्तच पळू लागली, दवाखान्यापासून लांब. मला मरणाचे भय वाटले, हे लिहायला लाज वाटत नाही. पण त्याहून मोठे भय हे की माझा पुतण्या माझ्यापासून तीन हातांवर बसून गाण्यावर मान डोलावत आहे, आणि मी मेल्याचे त्याला कुंभारवाड्यात हौद्याचा मागचा फाळका पाडल्यावर कळणार आहे. ताडपत्रीखाली मी ओरडलोही. काय ओरडलो ते लाडू सांगत नाही. संस्कृत नव्हते, एवढेच म्हणतो.

शेवटी लाडूने एक पिकलेला बरका फणस उचलला आणि टपावरून पुढे फेकला. तो समोरच्या काचेवर फुटला. गाडी थांबली. रोहन उतरून वर रानाकडे बघत म्हणाला, “काका, वानरं फणस टाकतायत बघा!”

मग आम्ही वळलो, इंजेक्शन मिळाले, म्हणून आज लिहितो आहे. रोहनचा दोष नाही. त्याचे कान चांगले आहेत. गाडीला कान नाहीत.

तेव्हापासून मला एकच गोष्ट दिसते. बेळगावात शस्त्रक्रियेची खोली डॉक्टरांनी मला बाहेरून दाखवली. बंद दार, थंडगार हवा, आणि प्रत्येक गोष्टीला ओरडणारी यंत्रे. भूल देणाऱ्या बाईंना मी विचारले, “मी आतून हात मारला तर कोणाला ऐकू येईल का?” त्या हसून म्हणाल्या, “काका, तुम्हाला काही कळणारच नाही.” मला धीर यावा म्हणून त्यांनी हे सांगितले. त्या रात्रीपासून मी पालथा झोपतो, छाती खाली दाबून, जणू मी ती शुक्रवारपर्यंत कोणाला उघडू देणार नाही.

कलम ४. नवी पिकअप माझा पुतण्या रोहन दत्तप्रसाद मणेरीकर यास मिळावी. अट अशी की नावावर करण्यापूर्वी त्याने केबिनची मागची बाजू कापून हातभर खिडकी करावी, तिला जाळी मारावी आणि टपाची गादी उपटून काढावी. फणसाने काचेला गेलेला तडा लाडूच्या माथी मारू नये.

हे कलम मी त्याला वाचून दाखवले.

“काका, पत्रा कापला तर वॉरंटी जाईल.”

“माझीही संपली आहे. मी कुठे रडतोय?”

“तुम्ही रडताय काका,” तो म्हणाला. खरेच होते. जाताना एवढेच म्हणाला की वेल्डिंगवाल्याला उद्याच बोलावतो, मृत्युपत्राची वाट कशाला बघायची.

~~कलम ५. जुनी पिकअप, पान्यांची पेटी व जॅकसह, लाडूची सून फुला वेळीप हिला माझ्या मृत्यूनंतर मिळावी. कुंभारवाड्याच्या वाड्यांवर दुसरे वाहन नाही. फुलाला गाडी मीच शिकवली. परवाना तिच्याकडे आहे. उतारावर तिचा पाय माझ्यापेक्षा हलका पडतो.~~

वरील कलम मी स्वतः खोडले आहे. कोणी खाडाखोड केल्याचा संशय घेऊ नये म्हणून हकिकत देतो.

आज सकाळी वकील शिवानंद आले. लाडूला मी साक्षीदार म्हणून बोलावले होते, सोबत फुलाही आली. वकील म्हणाले, “भट्टरे, ज्यांच्या घरात गाडी जाणार, त्यांनाच साक्षीदार करू नका. उद्या कोणी भांडायला उठेल.” कोण उठेल याचे उत्तर कलम ३ मध्ये आहे. तेव्हा लाडूला सही करता येईना. मी त्याला कलम ५ वाचून दाखवले. वाटले, आनंदेल. तो तटकन उठला.

“ह्ये काय लिवलासा भटमामा? ही गाडी आमाला नगं.”

“का?”

“मेलेल्याची गाडी आमच्या वाड्यावर वरीसभर हालत न्हाई. झाडाखाली हुबी ऱ्हाती. तवर बाळंतीण काय पाठीवर मारून न्ह्यायची?”

अशौचाचे सगळे नियम मला पाठ आहेत. भाताच्या गोळ्यापासून न्हाव्यापर्यंत. मी म्हटले, “लाडू, ही रीत मी उभ्या जन्मात ऐकलेली नाही.”

“तुमी आमच्या वाड्यावर मेलासा कवा, ऐकायला?”

वकील खोकले. माझा प्रामाणिक संशय असा आहे की ही रीत लाडूने त्याच क्षणी, माझ्या ओसरीवर उभी केली. परंतु रीत म्हटली की ती कोणीतरी कधीतरी सुरू केलेलीच असते, आणि तिचे खंडन करायला माझ्याकडे आधार नव्हता.

“मग काय करू म्हणतोस?”

उत्तर फुलाने दिले. ती क्वचित बोलते. “चावी आत्ता द्या मामा. जित्या हातानं. गुरुवारी मीच तुमाला बेळगावला न्हेते. मामी आन् तुमी म्होरं बसा.”

“आणि परत?”

“परत आनायला बी मीच येनार.”

“आणि मी येण्याजोगा नसलो तर?”

लाडूने तोंड फिरवले. सावित्री आत गेली आणि भांड्यांचा मोठा आवाज झाला. मग फुला म्हणाली, “तसं आदी बोलू नगा. मला गाडी हाकायची हाय.”

तेव्हा मला दिसले की तीही भ्यालेली आहे. घाटाला नाही. मला न्यायला.

किल्ली माझ्या कनवटीलाच असते. काढली, पण मूठ उघडेना. लोभ नव्हता. ती किल्ली हातात आहे तोवर कोणाचाही जीव जात असला तरी न्यायला मी होतो. मी हौद्यातला नव्हतो. मूठ उघडली की मी फक्त नेला जाणारा माणूस. फुलाने माझी बोटे एकेक करून सोडवली, बाळाची सोडवतात तशी.

आजपासून ती गाडी, कलम ३ मधला भोंगा सोडून, तिची आहे. ते दान आहे, वारसा नाही. कागद वकील करतील. सबब कलम ५ रद्द. आणि आता या मृत्युपत्रातून लाडूला किंवा त्याच्या घराला एक छदामही मिळत नसल्यामुळे, तो साक्षीदार म्हणून चालतो, असे वकिलांनी सांगितले. लाडूला हे ऐकून बरे वाटले.

कलम ६. पुढच्या आठवड्यात गणपती येतात. ज्या घरांची पूजा माझ्याकडे आहे त्यांनी मी नसल्यास पूजा अडवून ठेवू नये. कोणीही मनापासून केलेली चालते. हे मी इतकी वर्षे सांगितले नाही, कारण पोट होते.

कलम ७. मी हयात असेपर्यंत हे मृत्युपत्र केव्हाही, कोणतेही कारण न देता रद्द करू शकतो, असे वकील म्हणाले. कायद्यातले इतके दयाळू वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले. हा हक्क मी राखून ठेवतो, आणि तो बजावायला मिळावा, एवढेच मागणे आहे.

मुक्काम जोयडा. श्रावण वद्य एकादशी, मंगळवार, दि. १९ ऑगस्ट २०२५.

(सही) महाबळेश्वर सदाशिव मणेरीकर

साक्षीदार:

१. वरील गृहस्थांनी संपूर्ण मजकूर वाचून, समजून, आमच्या समक्ष सही केली. कलम ५ त्यांनी स्वहस्ते खोडले.
(सही) शिवानंद, वकील, जोयडा

२. मी लाडू वेळीप, कुंभारवाडा. भटमामानी माज्या म्होरं सही केली. त्येंचा हात मी धरला न्हाई. शुद्धीवर हायत. भ्याल्यात. आमी बी.
(सही) लाडू