बाबांचा उजवा हात

ती. आई,
दुरूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळा हात पुन्हा कसा शिकतो, यावर पीएच.डी. करायला इथल्या विद्यापीठात मला जागा देताहेत. बरोबरची पोरं माझ्याहून बरीच लहान, आत्ताच ‘काका, अभ्यास झाला का?’ म्हणून चिडवतात. पण बाबांचा उजवा हात असा लुळा असताना त्यांना सोडून चार वर्षं राहायचं म्हटलं की जपातही मन लागत नाही.

इथे रोग्याचा चांगला हात जाड हातमोज्यात बांधून ठेवतात, म्हणजे लुळ्याला हलावंच लागतं. तू अजून भरवतेस ना त्यांना? आता थांब. डावा हात बांधून उजव्यानेच खाऊ दे. सांडू दे, चिडू दे.

बाबा ‘राहा’च म्हणतील. पण त्या हाताने त्यांनी एक घास स्वतः खाल्ला, असं तू कळवलंस की मगच मी प्रवेशाच्या कागदावर सही करीन.

तुझा थोरला