भाकरीतली गोळी

८ फेब्रुवारी, मलकापूर
सकाळी रॉबिनला गोळी देताना वसंत आठवला. हेच स्वयंपाकघर, गॅसवर चहा उतू चाललेला, आणि हा कुणाचं तरी मांजर मांडीत धरून त्याचा गळा चोळतोय. मांजराने गिळायच्या आधी वसंत स्वतः आवंढा गिळायचा. दर वेळी. नवरा गुरांचा डॉक्टर, जन्मभर औषधं पाजली आणि प्रत्येक औषधाबरोबर स्वतःचा एक घोट. मी हसायचे. "कडू होतं का रे?" तो म्हणायचा, "मांजराला विचार."
रॉबिनने गोळी गिळली. मीही, नुसताच आवंढा.

११ फेब्रु.
निमूचा फोन, माधवनगरहून. सांगलीच्या डॉक्टरांनी मला तपासण्यांना बोलावलंय. हृदयाची झडप आता बदलावीच लागेल, असं दिसतं. मी म्हटलं, रॉबिनचं काय?
"ताई, हृदय तुझं बिघडलंय की कुत्र्याचं?"
त्याचा मेंदू, म्हटलं. फिट येतात. सकाळ-संध्याकाळ गोळी, ठरल्या वेळी, मरेपर्यंत.
"मग झोपवून टाक ना बिचाऱ्याला." धाकटी बहीण हे अगदी मायेने म्हणाली. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर नाक दाबून कॉडलिव्हर ऑइल पाजायच्या. निमूचा स्वभाव तिथेच घडला. नाक दाबा आणि मोकळे व्हा.

१३ फेब्रु.
सखूला गोळी द्यायला शिकवलं. वसंत गेल्यापासून घर तीच सांभाळते. माणदेशातली, माहेर मेंढरांचं. तिने रॉबिनचं तोंड धरून थेट आभाळाकडे केलं. "मेंढराला असंच पाजत्यात." व. असता तर ओरडला असता. मान ताठ वर गेली की औषध फुप्फुसात उतरतं, मेंढरू असो की कुत्रा. मान सरळ. वरचा जबडा धरून गोळी जिभेच्या मुळाशी. तोंड मिटून गळा चोळायचा. नाक चाटलं की गेली समजायचं.
रॉबिनने नाक चाटलं आणि मग गोळी सखूच्या पदरावर काढून ठेवली.
"लय वस्ताद हाय ह्यो!"
शेवटी सोपं केलं. भाकरीचा तुकडा, लोणी, आत गोळी. भाकरीतून दे, म्हटलं. व्हय म्हणाली.
उद्या सांगली.

१६ फेब्रु.
संध्याकाळी परत. ऑपरेशन ठरलं. रॉबिन दाराशी आला नाही. पहाटे फिट आली, मोठी. कोपऱ्यात पडून होता, ओळख अर्धीच.
"गोळ्या दिल्यास ना, सखू?"
"शनवारी दिली की."
"आणि काल?"
"काल शिवरात्र न्हवती व्हय? उपासाच्या घरात भाकरी कुठली? शाबुदाना दिला त्येला. लय गुमान खाल्ला."
"अगं, गोळी?"
"तुमीच म्हनलासा, भाकरीतनं दे."
म्हटलं होतंच.
रॉबिनच्या डॉक्टरांना फोन केला. चुकलेली भरून काढायला दुप्पट देऊ नका, नेहमीचीच द्या. माहीत होतं, तरी विचारलं. व. माठाचं उदाहरण द्यायचा. माठ झिरपत राहतो, तेवढं पाणी रोज घालायचं. विसरलात तर तळ दिसतो. एकदम ओतलंत तर वाहून जातं.

१८ फेब्रु.
रॉबिन चालतो, पण दाराच्या चौकटीला धडकतो. दुपारी भांडी घासता घासता सखू, "आवं वैनी, माज्यामुळं मेला असता व्हय त्यो?"
नाही म्हटलं. खरं तर माहीत नाही. मग सहज विचारलं, शिवरात्रीला तुझी बीपीची गोळी घेतलीस?
"देवाच्या दिवशी कसली गोळी?"
"आणि सोमवारी?"
"सोमवार पन म्हादेवाचाच की."
"अगं सखू!"
"देव बगतो की सगळं."
"मग परवा रॉबिनकडे कसं नाही बघितलं?"
"कुत्र्याचा देव येगळा आसंल." दोघी हसलो. मग ती पदराने डोळे पुसत राहिली, बराच वेळ.

२३ फेब्रु., सोमवार
सखूचा उपास. खिचडीत गोळी दडवून पाहिली. रॉबिनने खिचडी चाटून पुसून खाल्ली, गोळी ताटलीत. स्वच्छ.
मग सखू खाली बसली. मान सरळ, जबडा नीट धरला, गोळी आत, तोंड बंद. मी रॉबिनकडे नाही, तिच्या गळ्याकडे बघत होते. तिने आवंढा गिळला. त्यानंतर त्याने.
मी आत निघून आले.
नंतर विचारलं, "आणि तुझी?"
"बगू."

२७ फेब्रु.
उद्या सांगलीला भरती. कुणाला काय, ते लिहून ठेवते. सखूला वाचून दाखवलंय, निमूला फोनवर.
रॉबिनला फिटची गोळी. सकाळ-संध्याकाळ, उपास असो नसो, सखूच्या हाताने. भाकरीची वाट बघायची नाही. माझ्या डब्यातली अंगदुखीची गोळी त्याला कधीही द्यायची नाही. फिट आली तर तोंडात हात घालू नये, पाणी पाजू नये. आजूबाजूचं सामान हलवावं, डॉक्टरांना कळवावं.
पुढच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निमूने आणून सखूकडे द्यायच्या. हो म्हणाली आहे.
मला यायला उशीर झाला, किंवा आलेच नाही, तर रॉबिन सखूचा. निमूने त्याच्याबद्दल काही ठरवायचं नाही.
घसा बघायचा वसंतचा टॉर्चही सखूला. गोळी खरंच गेली का ते दिसतं.
सखूला तिची बीपीची गोळी. रोज. सोमवारीसुद्धा. रॉबिनच्या आधी.
ती गिळली का, हे बघायचं रॉबिनने.