कागदावरचा एक जून

कुसगाव, मंगळवार, सायंकाळ

मुलगा परदेशात राहतो, तिकडच्या सरकारने कायम वास्तव्याचे नियम वर्षभरात तिसऱ्यांदा बदलले. याला राज्यकारभार म्हणावे? आमच्या ग्रामपंचायतीतही इतका पोरखेळ चालत नाही! आता म्हणे अर्जदार चाळिशीच्या आतला हवा.

मुलाचा, सुधीरचा, फोन आला. "बाबा, कागदावर मी कालच चाळीस पूर्ण केली. खऱ्या तारखेनं अजून आठ महिने होते हातात."

शाळेत लवकर घ्यावे म्हणून एक जून ही जन्मतारीख मीच लिहिली होती. सगळेच लिहीत. सगळेच? ही सबब मी वर्गात कोणाची ऐकून घेतली असती? एक जून, तोही सुवाच्य अक्षरात.

"मूर्ख आहे ते सरकार," मी म्हणालो.

"हो, बाबा," एवढेच म्हणून त्याने फोन ठेवला.