बाजूच्या स्पीकरांना जागा नाही

चि. आशिष यास दादाचे अनेक आशीर्वाद. बंगळूरची हवा तुला मानवत असेलच. इकडे माझा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो, तुझ्या वहिनीला, पद्मजाला, ऊन सोसत नाही, आणि आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली तरी कोण आलं, कोण गेलं यावर तिची नजर शाबूत आहे.

तर, सुट्टी मिळाली नाही म्हणून तिच्या वाढदिवसाला स्वतःऐवजी तू पाठवलेलं होम थिएटर पोचलं. खोकं एवढं मोठं, की शेजारच्या रत्नम्मांना वाटलं आम्ही फ्रीज घेतला. (त्यांनी बर्फ सांगूनही ठेवला.) सात रस्त्याच्या दुकानातून हारून ते बसवायला आला. टीव्हीखाली लांब पट्टी बसली, मागचे दोन स्पीकर बाहेरच्या दाराच्या चौकटीवर बसले. अडलं ते बाजूच्या दोघांपाशी. उजवीकडे भिंतच नाही, थेट स्वयंपाकघर. डावीकडे आईची कॉट. हारून सहज म्हणाला, कॉट आतल्या खोलीत गेली तर काम होईल. मी (लिहायला लाज वाटते) टेप घेऊन आतली खोली मोजायला निघालोसुद्धा. आई म्हणाली, "मला आत टाका की. त्या डब्यांना लागंल तेवढी जागा द्या." डॉक्टरचंही न ऐकणारी बाई एका शब्दात कबूल झाली, तेव्हा मी घाबरलो. पद्मजा कणकेच्या हातानेच बाहेर आली आणि कॉट तसूभरही हलणार नाही, असं तिने जाहीर केलं. बरोबरच आहे तिचं. बाहेरच्या खोलीत आईला येणारं-जाणारं माणूस दिसतं. आत ती नुसती भिंत बघत पडणार.

हारून समजूतदार निघाला. पुढचा आणि मागचा आवाज नीट जुळवला की बाजूने आल्याचा भास आपोआप होतो, म्हणाला. तासभर आईच्या कॉटवर बसून त्याने रिमोट दाबले. (तेवढ्यात आईने त्याला दोन चहा पाजून त्याच्या बायकोचं माहेर मोहोळचं, हे काढून घेतलं.) तो गेला आणि धूळ बसू नये म्हणून पद्मजाने पुढच्या पट्टीवर चादर घडी करून टाकली. आपली सोलापुरी चादर. तिच्यातून थंडी जात नाही, तिथे आवाज काय जाणार? मला याचा पत्ता नाही. संध्याकाळी मी मोठ्या कौतुकाने तू फोनवर बोलून पाठवलेला निरोप त्यावर लावला. पुढून चकार शब्द नाही, आणि दारातून तू स्वच्छ विचारलंस, आई, कशी आहेस?

आई उठून बसली. पदर सावरला. दारात कुणी दिसेना, तेव्हा तिला वाटलं तू बाहेर थांबलायस. "आशिष, आलास व्हय रं? चपला तितंच काढ की." मग पद्मजाला चहा टाकायला सांगितलं. पट्टीवरची चादर तेव्हा कुठे माझ्या नजरेस पडली. मी चादर उचलली, तसा तुझा आवाज टीव्हीतूनही यायला लागला. "मशीन हाय व्हय," एवढंच म्हणून ती आडवी झाली. मला फार वाईट वाटलं रे.

तुझा,
वेणीमाधवदादा

ता. क. चादर काढल्यावर आवाज खरंच चारी बाजूंनी फिरतो. भेट उत्तम आहे, गैरसमज नसावा.

आणखी ता. क. रोज संध्याकाळी आई ती चादर परत टाकायला लावते आणि तुझा तोच निरोप ऐकते. मशीन आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी आधी उठून बसते.

शेवटचं. बाजूचे दोन स्पीकर बांधून ठेवलेत. घेऊन जायला ये. कुरिअरने पाठवता येतात, पण आम्ही पाठवणार नाही.