पाय मोडला ते कळवलं का नाहीस

प्रिय शहाणीस,

इकडे सगळं ठीक आहे आणि मी तुझ्यावर जाम भडकलोय.

तू जिन्यावरून पडलीस, पाय मोडला, प्लास्टर घातलं, हे मला आमच्या बोटीवरच्या वायरलेसवाल्याकडून कळावं? त्याच्या बायकोनं त्याला लिहिलं, की हल्ली तुझं पाणी ती भरते. तुझ्या पत्रात मात्र कुंडीतल्या गुलाबाच्या गप्पा.

लढाईवरच्या माणसांना वाईट काही कळवायचं नाही, असं म्हणे वसाहतीतल्या तुम्ही बायकांनी ठरवलंय. आम्हाला विचारलंत? मी बोटीची इंजिनं सांभाळतो, काचेचं भांडं नाही. नवरा आहे तुझा. तुझं दुखणंखुपणं माझं नाही का?

आईचे गुडघे कसे आहेत? लेक फार छळते का? पाय लोंबकळत ठेवून बसू नकोस.

यापुढे लपवाछपवी चालणार नाही. खरं काय ते लिही, नाहीतर लिहूच नकोस.

अक्षर बघून घाबरू नकोस. कामातून सवड नाही, म्हणून मी सांगतोय आणि आमचा स्वयंपाकी लिहितोय.

तुझाच,
अजून भडकलेला

वहिनी, मी स्वयंपाकी. यांचे दोन्ही हात वाफेनं भाजलेत. हे तुम्हाला लिहायचं नाही म्हणून माझ्यावर ओरडले. लपवाछपवीचं एवढं सगळं माझ्याकडून लिहून घेतल्यावर मीही ओरडलो.