न निघालेल्या सिनेमाचं संगीत

मुलुंड (पूर्व)

चंदू,

तू मावसभाऊ, त्यात माझ्याहून चारच महिन्यांनी मोठा. तीर्थरूप लिहायला हात धजत नाही आणि चिरंजीव लिहिलं तर तू पत्र फाडशील, म्हणून नुसताच चंदू. नमस्कार घे. कुडाळची हवा मानवली का? गुडघे काय म्हणतात? माझी शुगर माझ्या वयाला शोभेल अशी आहे. तू दोन वर्षं माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आमच्या हेमांगीच्या लग्नात आपण वाजवत असताना तू मधेच थांबलास आणि मी माइकवरून ‘चंदूचा दम संपला’ म्हणालो, एवढंच ना? त्याबद्दल मी माफी मागणार नाही, हे आधीच सांगतो. बाकी मजकूर आनंदाचा आहे.

तर आम्ही आल्बम काढतोय. हर्षद ड्रम्सवर, वनमाला पियानोवर, मी बास गिटारवर. तिघांचं मिळून वय दोनशे अकरा. (तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.) कल्पना हर्षदच्या सुनेची, श्वेताची. ती स्वतः रेकॉर्डिस्ट आहे. जो सिनेमा कधी निघालाच नाही त्याचं पार्श्वसंगीत करायचं, आणि तेही जॅझ फ्यूजनमध्ये. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, “काका, प्रत्येकाने मनाला येईल ते वाजवायचं, पण सगळ्यांनी मिळून.” थोडक्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, फक्त चहा-बिस्किटांशिवाय. मढला शूटिंगसाठी भाड्याने देतात तसला एक बंगला घेतला. वनमालाचा गुडघ्याचा पट्टा, हर्षदच्या बीपीच्या गोळ्या आणि माझी मानेची उशी, अशी वाद्यांइतकीच सामग्री घेऊन आम्ही पोचलो. शेजारच्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग चाललं होतं. तिथे कोणी ‘कट!’ ओरडलं की आम्ही तिघंही इथे जागच्या जागी थांबायचो. सिनेमांच्या पार्श्वसंगीतात वाजवायची चाळीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते? शेवटी श्वेताने खिडक्यांना गाद्या लावल्या.

खरी वाट पुढे लागली. पहिला तुकडा पाठलागाचा, नऊ मिनिटांचा. झकास वाजला. ऐकायला बसलो तर त्यात नुसती साथच साथ. आयुष्यभर आपण शिकलो काय? हिरोने तोंड उघडलं की आवाज खाली. इथे हिरोच नव्हता, तरी दर अर्ध्या मिनिटाला आम्ही तिघं अदबीने खाली येऊन कोणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होतो. वनमाला म्हणाली, “मी हर्षदला जागा दिली.” हर्षद माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मी मधूला.” मी तर मरणाऱ्या आईच्या संवादाला जागा दिली होती (पाठलागात आई कुठून आली, ते विचारू नकोस). श्वेता वैतागून म्हणाली, “अहो, कोणीतरी पुढे या ना!” मग पाळीपाळीने पुढे यायचं ठरलं. मी चार बार, जेमतेम सोळा ठोके, पुढे आलो, आणि आपण कोणाच्या तरी वाटेत उभे आहोत असं वाटून मुकाट मागे झालो. बंगल्याची राखण करणाऱ्या मढच्याच पुतळाबाई अंगणात बोंबील वाळवत हे सगळं ऐकत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, “बाजा बरा वाजवताव, पन नवरा कवा येनार?” तेव्हाही तुझं नाव कोणी काढलं नाही, हे मुद्दाम लिहितो.

तेव्हा काळजी नसावी, सगळं उत्तम चाललंय. जान्हवीवहिनींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेली आमसुलं मिळाली. तू पाठवली नाहीस, हे त्यांनी चिठ्ठीत आवर्जून कळवलं होतं.

तुझा (तुला नको असला तरी)
मधुकर

ता. क. – पाठलागाच्या तुकड्यात अठ्ठेचाळीस बार मोकळे ठेवलेत. ते कलात्मक मौन आहे असं मी श्वेताला सांगितलं. ते ट्रम्पेटचे आहेत. पुढच्या गुरुवारी बंगला पुन्हा घेतलाय.

आणखी एक – लग्नात तुझा दम संपला नव्हता. मीच बासवर भरकटलो होतो. तू मला सावरून घ्यायला थांबलास, आणि मी ते माइकवरून तुझ्या नावावर खपवलं. चुकलं माझं. काल धीर करून हे वनमाला आणि हर्षदला सांगितलं, तर दोघांनाही ते त्याच दिवशी, वाजवता वाजवताच कळलं होतं म्हणे. ये ना रे. ट्रम्पेट विकून टाकलं असशील तर तसाच ये.